नेपाळमध्ये माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यातलं युद्ध २००६ ला थांबलं, मग राज्यघटना यायला २०१५ का उजाडलं?

सांगलीच्या अभ्यासिकांत याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘पक्षांची भांडणं’. तेवढ्यावर मार्क मिळत नाहीत. गाडी दोन जागी अडली होती.

पहिलं, माओवादी सैनिक. संयुक्त राष्ट्रांनी पडताळणी केलेले सुमारे १९,६०० जण छावण्यांत; हत्यारं कंटेनरमध्ये कुलूपबंद, पण किल्ली माओवाद्यांकडेच! बाकी पक्षांचा हट्ट: आधी यांचं बघा, मग घटना. शेवटी बहुतेकांनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घर गाठलं. नेपाळच्या सरकारी सैन्यात गेले जेमतेम १,४००.

खरं दुखणं प्रांतांच्या सीमांचं. १९४९ ला संस्थानांचा मुलूख आणि साताऱ्याचे काही तालुके जोडून दक्षिण सातारा, म्हणजे आजची सांगली, झाला. तो प्रशासकीय मामला होता. नेपाळमध्ये मात्र रेघ कुठून जाते यावर मधेशी, थारू (दोन्ही दक्षिणेच्या सपाट प्रदेशातले समाज) आणि जनजाती (आदिवासी समाज) कुठे बहुसंख्य आणि कुठे अल्पसंख्य हे ठरणार होतं. यावरच घटना लिहायला निवडलेली ६०१ सदस्यांची पहिली संविधान सभा २८ मे २०१२ ला रिकाम्या हाताने संपली. आणखी मुदतवाढीचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने आधीच बंद केला होता.

२०१५ च्या भूकंपानंतर मोठे पक्ष घाईने एकत्र आले, सात प्रांत आखले आणि तराईत, म्हणजे दक्षिणेच्या सपाट प्रदेशात, आंदोलन पेटलं. हा भाग लिहाच. बहुतेक उत्तरं २० सप्टेंबर २०१५ ला, घटना लागू झाली तिथेच, थांबतात.