आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन एका दिवसात इमॅजिका कसं करावं?

तुम्ही विचारलंय की ठाण्याहून सहा जण निघणार, त्यात साठी ओलांडलेले आई-बाबा, १२ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा. तर खोपोलीचं इमॅजिका हे थीम पार्क एका दिवसात होईल का, आणि जोडीला वॉटर पार्कही उरकता येईल का?

थीम पार्क एका दिवसात होतं. वॉटर पार्क त्याच दिवशी नको. दोन्ही साधारण एकाच वेळी उघडतात, वॉटर पार्क आधी बंद होतं आणि त्याचं तिकीट वेगळं. तिथे कपडे बदलणं, लॉकर, अंघोळ, लहान मुलाचे केस कोरडे करणं यातच तास-दीड तास जातो. दोन्हीकडे धावलात तर दोन्ही अर्धवट राहतील. बर्फाच्या पार्कचंही तसंच. त्याची वेळ ठरलेली असते आणि ती दिवसाच्या मधोमध येऊन बाकीचा क्रम मोडते.

बहुतेक राइड दोन ते पाच मिनिटांत संपतात. दहा राइड केल्या तरी प्रत्यक्ष राइडवर बसलेला वेळ तासाच्या आतबाहेर. बाकीचे सात-आठ तास रांग, चालणं आणि खाणं यात जातात. त्यामुळे बेत आखायचा तो रांगांचा. कुठल्या राइडला जायचं यापेक्षा कधी जायचं आणि कोणी जायचं, हे आधी ठरवा.

पहिला निर्णय तारखेचा. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष आणि मे महिना टाळता आला तर अर्धी लढाई जिंकलीच. मधले वार चांगले, पण एक अपवाद लक्षात ठेवा: डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशीही शाळांच्या सहली येतात. बसमागून बस लागते आणि अकराच्या सुमाराला सगळी मुलं एकदम आत शिरतात. त्यांना वेळेत घरी पोचायचं असतं, म्हणून पाचनंतर मात्र रांगा झपाट्याने ओसरतात. तशा दिवशी गेलात तर मोठ्या राइड संध्याकाळसाठी राखा. दुसरी गोष्ट पंचांगात बघण्याची. खोपोली-पाली रस्त्यानेच लोक पालीच्या बल्लाळेश्वराला जातात, महडचा वरदविनायकही याच खालापूर तालुक्यात. अंगारकी, संकष्टी, माघी गणेशोत्सव या दिवसांत हा रस्ता तुंबतो. पार्क रिकामं असेल, पण तुम्ही दाराशी उशिरा पोचाल.

तिकीट ऑनलाइन आणि थेट पार्कच्या संकेतस्थळावरूनच काढा. दर तारखेनुसार बदलतात आणि मधल्या वारी सहसा कमी असतात. मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, म्हणून दोघांची उंची घरी अनवाणी, भिंतीला पाठ लावून मोजा. बारा वर्षांच्या मुलीला मोठ्यांचं तिकीट लागू शकतं. ज्येष्ठांना सवलत मिळते, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो. आई-बाबांची आधार कार्डं बरोबर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निम्म्या किमतीच्या कुपनांच्या नादी लागू नका, ती दारात चालली नाहीत तर सहा जणांचा दिवस तिथेच संपतो.

पार्क साधारण साडेदहा-अकराला उघडतं. आदल्या रात्री त्या तारखेची वेळ तपासा आणि उघडायच्या अर्धा तास आधी दाराशी उभं राहायचं असा हिशेब करा. ठाण्याहून साडेसात-पावणेआठला निघा. ठाणे-बेलापूर रस्त्याने कळंबोली, तिथून द्रुतगती महामार्ग, आणि खालापूर टोलनाक्यापाशी खोपोली-पालीकडे वळायचं. हा फाटा चुकला की गाडी घाटाच्या दिशेने लागते आणि परत फिरण्यात बराच वेळ जातो, त्यामुळे टोलनाका दिसायच्या आधीच डावीकडच्या मार्गिकेत या. लोकलनेही जाता येतं. खोपोलीच्या थेट गाड्या मोजक्या आहेत, नाहीतर कर्जतला बदलायचं आणि खोपोली स्टेशनवरून रिक्षा करायची. पण रात्री दमलेल्या आजी-आजोबांना आणि झोपलेल्या मुलाला घेऊन तो परतीचा प्रवास मी सुचवणार नाही. (पुण्याहून येणाऱ्यांसाठी: खोपोलीचा रेल्वेफाटा कर्जतहून निघतो, लोणावळ्याहून खाली खोपोलीला रेल्वे नाही. त्यांनी रस्त्यानेच यावं.)

आता मुख्य गोष्ट. सहा जणांनी दिवसभर एकत्र फिरायचं नाही. कुटुंबांचा दिवस बिघडतो तो बहुतेक इथेच. मुलगी आणि एक जण मोठ्या राइडच्या रांगेत, आणि उरलेले चौघे बाहेर उन्हात पाऊण तास वाट बघत बसलेत. लहान मुलगा कंटाळून रडतो, आजोबांचे पाय भरून येतात, आणि बारा वाजताच सगळे चिडलेले असतात. सुरुवातीलाच दोन गट करा. एक पालक आणि मुलगी हा धावणारा गट. दुसरा पालक, मुलगा आणि आजी-आजोबा हा सावकाश गट. जेवायला एकत्र या आणि जेवणानंतर पालकांनी अदलाबदल करा, म्हणजे दोघांनाही मोठ्या राइड मिळतील. भेटायची जागा नाव असलेली आणि सावलीतली ठरवा, एखाद्या ठरावीक उपाहारगृहाचं दार वगैरे. ‘कारंज्यापाशी’ असं मोघम ठरवलं की गर्दीत शोधाशोध होते.

धावणाऱ्या गटाने पहिल्या दीड तासात नायट्रो, डीप स्पेस, स्क्रीम मशीन (मोठा झोका) आणि डेअर टू ड्रॉप (उंच मनोऱ्यावरून पडणारी) यांतल्या जमतील तितक्या उरकाव्यात. नायट्रो म्हणजे तळ नसलेलं रोलर कोस्टर. पाय हवेत मोकळे लोंबतात आणि वाटेत पाच वेळा डोकं खाली होतं. डीप स्पेस बंद इमारतीत, अंधारात आहे आणि सुरुवातीलाच जोरात पुढे फेकल्यासारखी सुटते. मुलीने आधी कधी रोलर कोस्टर केलं नसेल तर गोल्ड रश एक्स्प्रेसपासून सुरुवात करा. तिथे पोटात गोळा येतो, पण उलटं व्हावं लागत नाही. ती आवडली तरच नायट्रो. आग्रह करून बसवलेलं मूल त्यानंतर दिवसभर कुठल्याच राइडला तयार होत नाही.

उंचीच्या पट्टीवरून तिथल्या माणसाशी वाद घालू नका. खांद्यावरून खाली येणारा दांडा ठरावीक बांध्याच्या शरीरालाच नीट आवळून धरतो. उंची कमी असेल तर खांदे आणि दांडा यांत फट राहते आणि जोरदार वळणावर शरीर आत हलतं. नियम त्यासाठी आहे. मुलगी अगदी सीमेवर असेल तर तिला घरीच सांगून ठेवा की एखादी राइड कदाचित मिळणार नाही.

रांग बघून उभं राहायचं की नाही हे ठरवायला एक साधा हिशेब आहे. एका फेरीत किती माणसं बसतात आणि दोन फेऱ्यांमध्ये किती मिनिटं जातात, ते दोन फेऱ्या बघून मोजा. समजा २४ माणसं दर ४ मिनिटांना, म्हणजे तासाला ३६०. पुढे अंदाजे १८० माणसं असतील तर अर्धा तास. पण १२ माणसांची राइड ५ मिनिटांना सुटत असेल, तर तेवढ्याच माणसांना सव्वा तास लागतो. म्हणून उंच मनोऱ्यावरून पडणाऱ्या किंवा झोक्यासारख्या कमी आसनांच्या राइडची छोटी रांगही फसवी असते. त्या सकाळीच करा. याउलट आय फॉर इंडियासारखे प्रेक्षागृहातले प्रकार एका खेळात बरीच माणसं आत घेतात. तिथली लांब रांग एका दमात निम्मी होते. ते दुपारसाठी ठेवा.

रांग टाळायचं एक्स्प्रेस तिकीटही मिळतं. मधल्या वारी त्याची गरज नसते. सुट्टीच्या दिवशी जावंच लागलं तर फक्त धावणाऱ्या गटातल्या दोघांसाठी घ्या. आजी-आजोबांसाठी ते पैसे वाया जातात. आणि पालकांची अदलाबदल होणार असेल तर ते तिकीट दुसऱ्याला वापरता येईल का, हे घेण्याआधी खिडकीवर विचारा.

सावकाश गटाने सकाळी टबी टेक्स ऑफ, फिरते घोडे आणि लहान मुलांच्या इतर राइड कराव्यात. दुपारी ऊन चढलं की अलिबाबा और चालीस चोर: गाडीत बसून बंदुकीने निशाणे टिपायचे, आत थंड, आणि पाच वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना झेपणारं. आय फॉर इंडियामध्ये आसनं उचलली जातात आणि समोरच्या भव्य पडद्यावर देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं. आई-बाबांसाठी तिकीट काढायचं असेल तर मुख्यतः याच्यासाठी काढा. मिस्टर इंडियाची राइड मात्र खुर्ची जोरात हलवते. मान, कंबर दुखत असेल किंवा गाडी लागत असेल तर त्यांनी बाहेर थांबावं. सलीमगढ भुताटकीचं आहे. लहान मुलाला तिथे नेऊ नका, रात्री झोपेत दचकेल.

स्पष्टच सांगतो: आजी-आजोबांना वीस मिनिटं सलग उभं राहता येत नसेल, तर त्यांचा दिवस बाकावरच जाईल. अनेक रांगांमध्ये पायऱ्या आणि चढ आहेत. चालायचा प्रश्न असेल तर आत शिरतानाच चाकांची खुर्ची मागून घ्या, दुपारी आठवण होईपर्यंत थांबू नका. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं बॅगेत ठेवा, गाडीत ठेवू नका.

पाण्याच्या राइड, म्हणजे राजासॉरस आणि स्प्लॅश अहॉय, जेवणाआधी साडेअकरा ते एकच्या दरम्यान करा. ऊन असतं, कपडे अंगावरच वाळतात. संध्याकाळी भिजलात तर ओल्या कपड्यांनी वातानुकूलित गाडीत दोन तास बसावं लागतं आणि मुलगा कुडकुडतो. जाता जाता मुलीला एवढं सांगा की राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही, खराखुरा डायनोसॉर होता. गुजरातमध्ये, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. नावाच्या पाटीपाशी थांबून हे सांगितलंत तर ती राइड तिला वेगळीच वाटेल.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, दाराशी बॅगा तपासतात. म्हणून पोहे-उपमा घरी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चटणी असं पार्किंगमध्ये गाडीत खाऊन मगच आत जा. सकाळी पोट भरलेलं असेल तर जेवण अडीचला घेता येतं. एक ते दोनच्या दरम्यान उपाहारगृहांतही रांगच असते आणि त्याच वेळी राइडच्या रांगा जरा कमी होतात. परतीसाठी गाडीत डबा ठेवणार असाल तर दहीभात किंवा ओलं खोबरं घातलेलं काही नको, बंद गाडीच्या उष्णतेत ते आंबतं. रिकामी बाटली बरोबर घ्या आणि आत पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरा. जेवणानंतर पाऊण तास गरगर फिरणारं किंवा हलणारं काही नको. उलट्या होतात त्या याच पाऊण तासात, आणि एकदा झाली की ते मूल चारच्या आत घरी जाऊया म्हणतं.

कपडे सुती आणि लवकर वाळणारे, पायांत पट्ट्याचे सँडल. सपाता घालून बऱ्याच राइडवर बसू देत नाहीत, काढून ठेवायला लागतात. चष्म्याला मागून दोरी लावा. मोबाइल, पाकीट, किल्ल्या सावकाश गटाकडे द्या, म्हणजे प्रत्येक राइडला लॉकर शोधावा लागत नाही. मुलाच्या मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा आणि दारातच दोन्ही मुलांचा उभा फोटो काढा. मूल हरवलं तर कोणत्या रंगाचा शर्ट होता हे आठवत बसावं लागत नाही.

पावसाळ्यात जायचं असेल तर लक्षात घ्या, वीज कडाडली किंवा पाऊस जोरात आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि खालापूरकडे पाऊस भरपूर. पण बंद इमारतीतल्या राइड चालू राहतात आणि गर्दी फार कमी असते. तुमच्यासारख्या, अर्ध्या जणांना मोठ्या राइड करायच्याच नाहीत अशा कुटुंबाला जूनअखेरचा किंवा सप्टेंबरमधला मधला वार मी आनंदाने सुचवेन. छत्रीऐवजी रेनकोट घ्या, हात मोकळे राहतात. कुठल्याही ऋतूत एखादी राइड दुरुस्तीसाठी बंद असू शकते. आत शिरताना ते विचारून मगच क्रम पक्का करा.

शेवटचा तास वाया घालवू नका. बहुतेक लोक सहाच्या सुमाराला बाहेर पडायला लागतात. रांग बंद होण्याआधी तुम्ही आत उभे असाल तर सहसा राइड मिळते, त्यामुळे सकाळी राहिलेली नायट्रो किंवा मुलीला पुन्हा हवी असलेली राइड याच वेळी करा. तेवढ्या वेळात दुसऱ्या गटाने मुलाचे कपडे बदलून त्याला काहीतरी खायला घालावं, म्हणजे तो गाडीत बसताच झोपेल. रविवार असेल तर लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांनी द्रुतगती महामार्ग संध्याकाळी भरलेला असतो. निघण्याआधी फोनवर रस्ता बघा. तिथे लाल दिसत असेल तर चौकमार्गे जुन्या महामार्गाने पनवेल गाठा.