वाचकांचे प्रश्न : पोहण्याच्या तलावाच्या टाइल्स का निखळतात?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या तलावात पाण्याच्या रेषेवरच्या टाइल्स दर वर्षी निखळतात. दोनदा पांढऱ्या सिमेंटने बसवल्या, तरी पडल्या. मिस्त्री म्हणतो, आत्ताच तलाव रिकामा करून सगळ्या बदलून टाकू. करावे का?
– एक वाचक, बावधन

उत्तर : भर पावसाळ्यात तलाव मुळीच रिकामा करू नका. आपल्या पुण्यात वर मुरूम, खाली काळा पाषाण. पाषाण फोडून केलेल्या खड्ड्यात तलाव बांधलेला असेल, तर मुरलेले पाणी त्याच्याभोवती साठून राहते. आत पाणी असेपर्यंत दोन्हीकडचा दाब एकमेकांना तोलून धरतो. आत कोरडे झाले की बाहेरचे पाणी तळाला खालून वर रेटते. टाइल्स फुगतात, कधी स्लॅबलाच तडा जातो. काम दिवाळीनंतर घ्या. एप्रिल-मेही टाळा, कारण कडक उन्हात भिंतीवर पसरलेल्या ॲढेसिव्हवर काही मिनिटांत साय धरते आणि टाइल नुसती टेकून राहते. काम रेषेपुरतेच असेल, तर पाणी दीड फूट उतरवले तरी पुरते.

तोवर निखळलेली टाइल उलटी करून पाहा. मागची बाजू स्वच्छ असेल, तर ती कधी चिकटलीच नव्हती. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम ०.५ टक्का पाणी पिते. तिला साधे किंवा पांढरे सिमेंट धरत नाही. मागे चार-पाच गोळेच दिसले, तर मधल्या पोकळीत पाणी साठले. टाइलसोबत प्लास्टरही आले असेल, तर काँक्रीट लागेपर्यंत प्लास्टर काढल्याशिवाय इलाज नाही.

फक्त वरचीच ओळ पडत असेल, तर आमचा पहिला संशय कोपिंग (तलावाच्या काठावर बसवलेली कड) आणि बाहेरची फरशी यांच्यामधल्या सांध्यावर. बऱ्याच ठिकाणी तो सिमेंटने भरून टाकतात. उन्हात फरशी तापून पसरते, कोपिंगला ढकलते आणि खालची ओळ सुटते. हा सांधा ८ ते १० मिमी रुंद, पूर्ण खोल मोकळा करा. आत फोमची दोरी दाबून वर पॉलिसल्फाइड सीलंट भरा. हे राहिले, तर टाइल्स कितीही भारी आणा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पडतील.

आता टाइलकाम. उरलेल्या टाइल्सवर लाकडी मुठीने ठोका, बद्द वाजतील तिथे खडूने खूण करा. आधी ग्राइंडरने ग्राऊट (टाइल्सच्या फटींत भरलेला मसाला) कापा आणि मगच छिन्नी चालवा, नाहीतर शेजारची चांगली टाइलही सैल होते. उघड्या भागावर दोन घटकांच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. जुन्या थरावर ते चार इंच चढवा. ॲढेसिव्ह पॉलिमरचे घ्या, पोत्यावर ‘स्विमिंग पूलसाठी’ असे छापलेले. ६ मिमी दातांच्या करणीने भिंतीवर ओढा, शिवाय टाइलच्या पाठीलाही पातळ थर लावा. २० किलोच्या पोत्यात ३ मिमी थराने साधारण ४५ चौरस फूट होते. मधूनच एखादी ताजी टाइल उचलून बघा : पाठ कोपऱ्यांसकट भरलेली हवी. २४ तासांनी इपॉक्सी ग्राऊट भरा. त्यानंतर १४ दिवस पाणी लावू नका आणि भरताना रोज दोन फुटांहून जास्त चढवू नका. मिस्त्रीला घाई असते; तारखा कामाच्या ऑर्डरमध्येच लिहा.

प्रश्न : टाइल्सवर पांढरा थर बसतो. ॲसिडने घासले तर ग्राऊटच भुसभुशीत झाले.
– एक वाचक, औंध

उत्तर : तो बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातला चुना आहे. ॲसिड त्याच्याबरोबर ग्राऊटमधले सिमेंटही खाते. नायलॉनच्या स्क्रबरने थोडे थोडे घासा. भुसभुशीत ग्राऊट दोन-तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून तिथे इपॉक्सी भरा. पाण्याचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) ७.२ ते ७.६ आणि कॅल्शियमचा कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ठेवा. पीएच वर गेला की थर बसतो, खाली गेला की ग्राऊट झिजते. क्लोरीनच्या ट्रायक्लोर गोळ्या पीएच उतरवतात. त्या वापरत असाल तर तपासणी रोज करा.