सेंट पॅट्रिक्स डे : जयंती, पुण्यतिथी की फेस्त?

भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने दोन शंका विचारल्या आहेत. ‘सेंट पॅट्रिक्स डे’ला ‘संत पॅट्रिक जयंती’ म्हणावं का? आणि आयर्लंडचा हा धार्मिक सण पुढे ‘सेक्युलर’ झाला, हे सांगताना ‘धर्मनिरपेक्ष सण’ म्हटलं तर चालेल का?

जयंती तर नकोच. 17 मार्च हा पॅट्रिक यांच्या निधनाचा दिवस, असं परंपरा मानते. ते पाचव्या शतकातले. जन्म रोमन अमलाखालच्या ब्रिटनमधला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना पळवून गुलाम म्हणून आयर्लंडला नेलं. सहा वर्षं तिथे जनावरं राखली, मग निसटून घरी आले आणि पुढे बिशप होऊन त्याच देशात परत गेले. तेव्हा आपल्या हिशेबाने ही पुण्यतिथी. पण या शब्दातली हुरहूर तिथे नसते. ख्रिस्ती परंपरेत संताचा मृत्यू म्हणजे स्वर्गातला जन्म. त्या दिवसाला लॅटिनमध्ये ‘दिएस नातालिस’, म्हणजे चक्क जन्मदिवस, म्हणतात.

यासाठी गोव्याकडे अगदी चपखल शब्द आहे : फेस्त. पोर्तुगीज ‘फेस्ता’वरून आलेला. जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त 3 डिसेंबरला असतं. 1552 साली त्याच तारखेला ते चीनजवळच्या एका बेटावर वारले होते. मृत्यूची तारीख आणि उत्सवाचं वातावरण, दोन्ही ‘फेस्त’मध्ये मावतं. 17 मार्चच्या जुन्या, धार्मिक रूपाबद्दल लिहायचं असेल तर मी बेधडक ‘पॅट्रिक यांचं फेस्त’ लिहीन.

आता आयरिश भाषेतलं नाव पाहा : ‘ला एल्ये पाद्रिग’. ‘ला’ म्हणजे दिवस. मधला शब्द मुळात ‘फेल्ये’, म्हणजे सण. या जोडणीत त्यातला ‘फ’ उच्चारात गळतो. हा ‘फेल्ये’ लॅटिन ‘विगिलिया’पासून आलेला, आणि विगिलिया म्हणजे जागरण. आपल्याकडे देवीच्या नावाने जागर घालतात, तीच कल्पना या आयरिश शब्दाच्या पोटात शेकडो वर्षं आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

जागराचं फेस्त मिरवणुकीचं कसं झालं? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचे, फ्रान्सिस्कन या साधुसंघातले विद्वान ल्यूक वॉडिंग यांच्या खटपटीने हा दिवस रोमच्या चर्चच्या दिनदर्शिकेत गेला. तो येतो ईस्टरआधीच्या उपवासकाळात. त्या एका दिवशी पथ्य सैल व्हायचं. लोक प्रार्थनेला जाताना कपड्यांवर शॅमरॉक या तीन पानांच्या छोट्या रोपाची डहाळी टाचायचे. शॅमरॉक हा ‘शॅमरोग’ या आयरिश शब्दाचा इंग्रजी अवतार. त्यातला ‘ओग’ हा लाडाने लहानपण दाखवणारा प्रत्यय. तीन पानं दाखवून पॅट्रिक यांनी त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, हे समजावलं अशी दंतकथा आहे. पण परदेशी गेलेल्या मुलांना घरून पाकिटात हीच डहाळी यायची, तेव्हा तिचा अर्थ त्रैक्यापेक्षा ‘घर’ असाच होत असणार.

मिरवणुका या स्थलांतरितांच्याच. 1762 साली न्यूयॉर्कमध्ये ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश शिपायांनी काढली. मायदेशी मात्र हा दिवस दीर्घकाळ चर्चचाच राहिला. 1903 मध्ये तिथे कायद्याने सुट्टी मिळाली. डब्लिनमध्ये सरकारी मिरवणूक निघाली 1931 साली, तेव्हा त्या दिवशी पब कायद्याने बंद असत. ही बंदी 1960 च्या कायद्याने गेली. आजचा कित्येक दिवसांचा डब्लिनचा महोत्सव 1996 पासूनचा आहे.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते 2008 साल. त्या वर्षी 17 मार्च हा ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला सोमवार होता, आणि त्या आठवड्यात संतांचे सण पाळत नाहीत. म्हणून आयर्लंडच्या चर्चने फेस्त 15 मार्चला घेतलं. मिरवणूक 17 लाच निघाली. एकाच नावाचे दोन दिवस, दोन तारखांना.

म्हणून ‘सेक्युलर’च्या भाषांतरात जपून. ‘धर्मनिरपेक्ष’ हा राज्याचा, संविधानाचा शब्द. सर्व धर्मांना समान लेखणारी संस्था धर्मनिरपेक्ष असते. सण तसा नसतो. ‘सार्वजनिक’ जवळचा वाटेल, पण तोही फसवा. 1893 पासून लोकमान्यांनी ज्याला बळ दिलं तो गणेशोत्सव सार्वजनिक झाला, तरी प्राणप्रतिष्ठा, आरती, विसर्जन कायम राहिलं. ‘इहवादी’ तत्त्वचर्चेत शोभतो, सणाला लावला की जड होतो. इथे हवा तो ‘लौकिक’. पारलौकिकाशी असलेली त्याची जोडी मराठी कानाला पाठ आहे, त्यामुळे सण कुठून कुठे आला ते या एका शब्दात कळतं.

आणखी दोन बारकावे. ‘सेंट’ आणि ‘संत’ सख्खे वाटतात, पण नाहीत. सेंट लॅटिन ‘सांक्तुस’चा, संत संस्कृत ‘सत्’चा. अर्थ जुळतात, म्हणून ‘संत पॅट्रिक’ लिहायला हरकत नाही; व्युत्पत्ती मात्र एक सांगू नये. आणि लाडकं नाव लिहायचं तर ‘पॅडीज डे’, ‘पॅटीज डे’ नव्हे. ‘पॅडी’तला ‘ड’ आयरिश ‘पाद्रिग’मधल्या ‘द’चा वारस आहे. ‘पॅटी’ हे पॅट्रिशिया नावाच्या मुलीचं, आणि आयरिश लोकांना ही चूक खरोखर खुपते.

तुमचं वाक्य मी असं करीन : ‘पॅट्रिक यांचं फेस्त हळूहळू आयरिश लोकांचा लौकिक उत्सव बनलं.’