डब्यात गेलेलं वर्ष

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पूर्व जर्मनीच्या ‘डेफा’ या सरकारी चित्रपट स्टुडिओवर प्रबंध लिहायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. (माझ्या हाती पडलेलं पहिलं फिल्मचं रीळ त्याच देशातल्या ‘ऑर्वो’चं होतं, म्हणून जरा जास्तच.) आराखडा वाचला. तुझ्या मते उतरती कळा १९९० मध्ये, दोन्ही जर्मनी एक झाल्यावर लागली. ते प्रकरण २५ वर्षं मागे ने.

आधी श्रेय दे, हात न आखडता. मे १९४६ मध्ये सोव्हिएत परवान्यावर स्टुडिओ सुरू झाला आणि त्याच वर्षी बर्लिनच्या खऱ्याखुऱ्या ढिगाऱ्यांत पहिला चित्रपट झाला. पॉट्सडॅममधल्या बाबेल्सबर्गला, स्टुडिओच्या आवारात, दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत सगळे पगारावर. एकूण सुमारे ७०० कथापट निघाले.

मग डिसेंबर १९६५. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची अकरावी बैठक झाली आणि जवळजवळ अख्ख्या वर्षाचं काम डब्यात गेलं. दिग्दर्शक कुर्ट मेत्सिग तर डेफाच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या बंदी आलेल्या चित्रपटाच्या नावात ससा होता, म्हणून असे सगळेच चित्रपट पुढे ‘ससेपट’ म्हणून ओळखले गेले.

त्यातला दिग्दर्शक फ्रांक बायरचा ‘श्पूर देर श्टाइने’ (दगडांचा माग) मात्र सावकाश बघ. बांधकामावरच्या सुतारांचा मुकादम बाला आपल्या टोळीसकट भर गावातल्या तळ्यात उघडानागडा उतरतो, वर हटकायला आलेल्या पोलिसालाही पाण्यात ओढतो. किती मोकळं हसू आहे त्यात! १९६६ च्या उन्हाळ्यात चित्रपट लागला, तेव्हा पक्षाने थिएटरात माणसं बसवून आरडाओरडा करवला आणि काही दिवसांत तो उतरवला. बायरची रवानगी ड्रेस्डेनच्या नाटकमंडळीत झाली. पुढे ते परतले, त्यांचा १९७४ चा ‘याकोब देर ल्युग्नर’ (खोटारडा याकोब) ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. पण माझं मन सांगतं, तळ्यातलं ते हसू स्टुडिओला पुन्हा सापडलं नाही. बाला झालेला मानफ्रेड क्रुगही १९७७ मध्ये पश्चिमेला निघून गेला.

ससेपट पडद्यावर यायला बर्लिनची भिंत पडावी लागली. १९९२ मध्ये स्टुडिओ एका फ्रेंच कंपनीने घेतला. त्याचे करारमदार तू दोन परिच्छेदांत उरक.

पॉट्सडॅमला जाशील तेव्हा नामवंतांच्या मुलाखतींमागे धावू नकोस. सेटवरचे सुतार, रंगारी, दिवेवाले अजून कुणी भेटतात का ते शोध, आणि डबे कपाटात गेले त्या दिवशी स्टुडिओत काय चाललं होतं, ते विचार.

तुझा,
सर