षटक संपलं की उठायचं

स. न. वि. वि.
माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. त्याला जन्मतःच डाउन सिंड्रोम आहे, बौद्धिक वाढ कमी झाली आहे. अठरापर्यंत विशेष शाळेत होता, मग कार्यशाळेत पणत्या रंगवायचा, पाकिटं करायचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कार्यशाळा बंद झाली, ती पुन्हा उघडलीच नाही. तेव्हापासून सोफा, टीव्ही आणि क्रिकेट. उंची पाच फूटही नाही आणि वजन ८६ किलो. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, चालवा त्याला. व्यायामाची सायकल आणली, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. आमराईत फिरायला नेलं की दहा मिनिटांत मध्येच फतकल मारतो. खाऊचं आमिष दाखवून उठवावं लागतं. लोक बघत राहतात, मला रडू येतं. आणि हाच मुलगा गणपतीच्या मिरवणुकीत दोन तास लेझीम खेळला! मुद्दाम करतो का हा? हे म्हणतात, बसू दे त्याला सुखात, कशाला छळतेस. माझे गुडघे गेलेत. मी कुठं कमी पडते?
– एक आई, सांगली

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तुम्ही कमी पडत नाही. माझ्या मते थोड्या जास्तच पडता. रागावू नका, त्याकडे येते.

आधी ते फतकल मारणं. तो मुद्दाम करतो की नाही हे ठरवण्यापूर्वी डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि साखर सोडून बाकीचंही विचारा. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं पुष्कळ आढळतं. वजन वाढतं, अंग जड होतं, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. ती रक्ततपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. रात्री मोठ्यानं घोरतो का, मध्येच श्वास अडकतो का, तेही सांगा. ज्याची रात्री झोपच होत नाही तो दिवसा सोफ्यावरच सापडणार. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो, तेव्हा लहानपणी तपासणी झाली असली तरी आता पुन्हा एकदा करून घ्या. फिट्सचं किंवा चिडचिडीचं औषध चालू असेल तर त्यानं वजन वाढतं का, हेही विचारा. बंद मात्र आपल्या मनानं करू नका.

आणि त्याचे बूट बघा. यांचे सांधे सैल, स्नायू लेचेपेचे, तळपाय बहुतेकदा सपाट. ‘आई, टाच दुखतेय’ असं तो म्हणेलच असं नाही. तो बसेल. रस्त्यात बसणं हीच त्याची तक्रार असू शकते, आणि आपण तिला हट्ट म्हणतो.

एक सावधगिरी. मानेच्या सगळ्यांत वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींचा सैल असतो. डॉक्टरांनी मान तपासून हो म्हटल्याशिवाय कोलांट्या, शीर्षासन, सर्वांगासन काही नको. शेजारचे उत्साही योगशिक्षक आले तर त्यांनाही सांगा. चाल अचानक बदलली, हातातल्या वस्तू पडायला लागल्या किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता लेझीम. उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय की! मिरवणुकीत ताल होता, माणसं होती, हातात काहीतरी होतं, दमलं की रांगेतून बाहेर येता येत होतं, आणि मुख्य म्हणजे कुणी त्याला व्यायाम करायला लावत नव्हतं. आमराईत काय आहे? आईचा रडवेला चेहरा आणि बघणारी माणसं. मीसुद्धा बसले असते.

म्हणून आमराई काही दिवस राहू द्या. लेझीम बाहेर काढा. संध्याकाळी मोबाइलवर हलगी लावा आणि दहा मिनिटं त्याच्याकडून शिका. हो, त्यानं तुम्हाला शिकवायचं, तुम्ही खुर्चीत बसून हात हलवलेत तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली हालचालीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अपंग व्यक्तींसाठी पहिल्यांदाच वेगळ्या शिफारशी आल्या. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं म्हटलंय. हा आकडा भिंतीवर लावू नका, धसका बसेल. त्याच कागदात असंही म्हटलंय की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं. डाउन सिंड्रोममध्ये हृदयाचे ठोके इतरांइतके वर चढत नाहीत, त्यामुळे तो लवकर दमतो. बोलता येईल इतपतच दम लागू द्या.

क्रिकेट बंद करू नका. षटक संपलं की उठायचं, असा नियम करा. टीव्हीला हात लावून परत यायचं. वीस षटकांच्या एका डावात वीस वेळा उठणं झालं, आणि खुर्चीतून उठणं हा मांड्यांचा चांगला व्यायाम आहे. तुम्हीही उठा. ‘हे’ही उठतील, डोळे वटारून का होईना.

आता ते ‘जास्त पडणं’. एक दिवस वही घ्या आणि तुम्ही त्याच्यासाठी काय काय उचलून नेता ते लिहा. पाण्याची बाटली, चहा, ताट, टॉवेल, रिमोट. ताट कोण उचलतं? अंथरूण कोण घालतं? ३१ वर्षांचा पुरुष दिवसभर जागचा हलत नाही, कारण हलायला कारणच उरलेलं नाही. सगळी कारणं तुमच्या गुडघ्यांनी घेतली आहेत. प्रेमापोटी, दुसरं काय. पण कार्यशाळा बंद झाली तेव्हा नुसता व्यायाम गेला नाही, त्याचं काम गेलं. तेवढं आधी परत द्या.

एका वेळी एकच काम. ‘जरा मदत कर रे’ असं मोघम नको. झाडांना पाणी: बादली इथं, तांब्या हा, कुंड्या एवढ्या. तुम्ही करून दाखवा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. रोज त्याच वेळी. झालं की कॅलेंडरवर त्यानंच फुली मारायची. शाबासकी म्हणून बिस्किट किंवा फरसाण नको, साखर काठावर आहे. खाऊऐवजी त्याच्या आवडत्या खेळाडूच्या चित्राचा स्टिकर चालेल. दोन कामांपैकी कुठलं, हे त्याला निवडू द्या. त्याला जमायला महिनाभर लागेल, तोवर तुमचाच हात आवरणं अवघड जाईल.

हा परिच्छेद तुमच्या यजमानांसमोर ठेवा. साहेब, १९८३ च्या सुमारास अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य पंचविशीपर्यंत होतं. आज ते साठीच्या आसपास आहे. तुमच्या मुलाला अजून तीस वर्षं स्वतःच्या पायांवर उठून संडासला जायचंय, आणि उचलायला तुम्ही असालच असं नाही. कठोर लिहिलं, माफ करा. पण ‘बसू दे सुखात’ यात सुख कुणाचं, ते तपासा. संध्याकाळी कट्ट्यावर जाताना त्याला बरोबर न्या. चार दिवस लोक बघतील, कुणी खिदळेलही. पाचव्या दिवशी तुमचे मित्र त्याला स्कोअर विचारतील.

स्पेशल ऑलिम्पिक्स भारत या संस्थेच्या सरावाबद्दल त्याच्या जुन्या शाळेत विचारा. १९६८ साली शिकागोत सुरू झालेली स्पेशल ऑलिम्पिक्सची ही खेळांची चळवळ बौद्धिक अपंगत्व असलेल्या, आठ वर्षांपुढच्या कुणालाही घेते, वरची वयोमर्यादा नाही. पदकाचं सोडा. बोची नावाचा खेळ आहे, लहान चेंडूजवळ मोठे चेंडू घरंगळवायचे, धावावं लागत नाही. लेझीम खेळणाऱ्याला जमेल. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची अपंगांसाठी ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, तिची चौकशीही तिथंच करा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो.

झाडांचं काम जमलं की पुढचं काम दुधाचं. डेअरी गल्लीतच असेल. पहिला आठवडा तुम्ही मागं वीस पावलं, मग दारापर्यंत, मग खिडकीत. पिशवी फुटेल, दूध सांडेल. पहिल्या आठवड्यात अर्धाच लिटर आणायला सांगा.