बुटाचं बटण दोऱ्याऐवजी तारेने बसवता येतं का?

प्रश्न असा आहे की पोरीच्या शाळेच्या बुटाचं बटण पावसाळ्यात सारखं तुटतं, दोऱ्याने शिवलं तरी महिनाभर टिकत नाही.

हो, येतं, आणि तेच करा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल बुटाला धरून बसतो, पोरं बटण न काढता बूट तसाच ओढतात, त्यात ओला सुती दोरा कुजलेला. तो टिकणार कसा?

बटणामागे कडी असेल तरच हे जमतं. आठवडी बाजारात बसणाऱ्या मोचीदादांना सांगा: आरीने एकमेकांजवळ दोन भोकं पाडा, पितळी तार कडीतून ओवून दोन्ही टोकं आत घ्या, उलट्या दिशांना वाकवा आणि ठोकून सपाट करा. वरून चामड्याचा पातळ तुकडा सोल्यूशनने चिकटवायलाच लावा, नाहीतर तार मोजा फाडेल आणि पोरीचा पाय सोलेल. लोखंडी तार नको, गंजते.

ही युक्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बटणाचे बूट सर्रास होते, तेव्हा असे तारेचे फास्टनर यंत्राने बसवत. हीटन-पेनिन्सुलर कंपनी यंत्र देताना अट घाले की फास्टनर आमचेच वापरायचे. 1896 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ही अट उचलून धरली. पुढे 1917 मध्ये सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसल्या अटी मोडीत काढल्या.

बूट रेक्झिनचा असेल तर मात्र आतून आधी जाड चामड्याचा ठिगळ लावून घ्या, नुसत्या रेक्झिनला तार चिरते.