आवाज नेमका कोणत्या पट्टीला फाटतो?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि आमच्या खंजिरी भजनमंडळात नुकताच गाऊ लागलो आहे. महिला मंडळ सोबत असल्याने पेटीवाले काकाजी काळी चारचा सूर देतात, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी हाच ‘सा’ धरतात. त्या सुरात धैवताच्या (ध) पुढे गेलो की आवाज फाटतो. जाणती मंडळी ‘छातीतून आवाज काढ’ म्हणतात. छातीचा आवाज आणि डोक्याचा आवाज म्हणजेच मंद्र (खालचे) आणि तार (वरचे) सप्तक का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. सप्तक आपण धरलेल्या षड्जावरून (सा) मोजले जाते. छातीचा की डोक्याचा आवाज, हे मात्र स्वरतंतू कशा रीतीने कंप पावतात यावरून ठरते. खालच्या सुरांत ते आखूड व जाड राहून जवळजवळ पूर्ण जाडीने हलतात, तर वर जाताना ताणले जाऊन पातळ होतात आणि मुख्यतः त्यांच्या कडाच कंप पावतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त मंद्राचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि तारेचे मस्तक असे सांगितले आहे, त्यामुळे आपला समज स्वाभाविक आहे, पण छातीत वा डोक्यात जाणवतो तो कंप, ध्वनी निर्माण होतो तो कंठातच.

आवाज पालटण्याची ही जागा षड्जाबरोबर सरकत नाही. पेटीवर काळी एकला षड्ज धरून पाहा : काळी चारमध्ये मध्य सप्तकाच्या शुद्ध धैवतावर येणारी पेटीची तीच पट्टी आता तार सप्तकाचा शुद्ध गंधार (ग) झालेली असेल आणि आवाज साधारण तिथेच अडखळेल. म्हणजे दोष आपल्या गळ्याचा नसून निवडलेल्या पट्टीचा आहे. काळी चार बहुतेक स्त्रियांना सोयीची असते. त्या पट्टीत खणखणीत गाणारे पुरुषही आहेत, पण नवख्याने त्यांची बरोबरी करू नये.

‘छातीतून काढ’ हा सल्ला खालच्या सुरांपुरता योग्य आहे. तोच जोर वर नेल्यास स्वरतंतूंना ताणले जाण्यास वाव मिळत नाही आणि आवाज फाटतो. त्याऐवजी रोज थोडा वेळ ‘ऊ’कारात, अगदी हलक्या आवाजात, वरून खाली मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, उतरावे. आवाज पालटण्याची जागा जवळ आली की आवाज आणखी कमी करावा, आणि तो पातळ झाला तरी चालू द्यावा. सवयीने तो भरतो. एकत्र भजनात उंच ओळी खालच्या सप्तकात गाव्यात, स्वतःच्या अभंगाला मात्र पेटीवाल्यांकडून निःसंकोच खालची पट्टी मागून घ्यावी. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला, तर गाणे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.